एका कोपऱ्यात बसलेली गाडी

एअर सस्पेन्शनच्या गाडीची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: रात्री सरळ उभी केली होती, सकाळी एका कोपऱ्यात बसलेली होती. गाडी सुरू केली की ती सावकाश उठते, दिवसभर नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही आठवडे, कधी काही महिने असे निघतात आणि मग एके दिवशी गाडी उठायचीच थांबते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी गॅरेजात जाते, स्कॅनर लावला जातो, स्कॅनर कॉम्प्रेसरकडे बोट दाखवतो, कॉम्प्रेसर बदलला जातो आणि गाडी उठते. मालक मोठे बिल भरून घरी जातो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत नवा कॉम्प्रेसरही गेलेला असतो. माझे म्हणणे असे की या क्रमात कॉम्प्रेसर हा बहुधा शेवटचा बळी असतो, पहिला गुन्हेगार नसतो. गळती शोधून बंद केल्याशिवाय कॉम्प्रेसरला हात लावणे ही दुरुस्ती नव्हे, पुढच्या बिघाडाची तयारी आहे. हे नुसते मत नाही. या यंत्रणेची रचना नीट पाहिली तर तीच हे सांगते.

आधी हवाच का वापरायची, ते पाहू. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा कारखान्यात ठरतो आणि कायम तसाच राहतो. गाडीत एकटा चालक असो की पाच माणसे आणि भरलेली डिकी, स्प्रिंग तीच. मऊ ठेवली तर भार पडल्यावर गाडी खाली बसते, कडक ठेवली तर रिकाम्या गाडीत हाडे खिळखिळी होतात. बंद फुग्यातल्या हवेचे तसे नसते. भार वाढला की यंत्रणा फुग्यात आणखी हवा भरून गाडी पूर्वीच्या उंचीवर आणते. दाब वाढतो आणि दाबाबरोबर कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून वजन कितीही असले तरी गाडीच्या डोलण्याची लय जवळपास तीच राहते. मुंबईच्या लोकलच्या नव्या डब्यांखाली हवेच्या स्प्रिंगा बसवल्या त्यामागेही हाच हिशेब आहे. दुपारचा रिकामा डबा आणि संध्याकाळी साडेसहाचा विरार फास्टचा डबा यांच्या वजनात जो फरक पडतो तो पोलादी स्प्रिंगने सांभाळायचा म्हटले तर डब्याची जमीन फलाटाच्या तुलनेत बरीच वरखाली होत राहील.

मोटारीत ही यंत्रणा मोजक्या भागांची असते. प्रत्येक चाकापाशी दोऱ्यांनी बळकट केलेल्या रबराची एक नळकांडी असते. तिला गॅरेजात फुगा, बलून किंवा बेलो म्हणतात. ती खालच्या बाजूने स्वतःवरच दुमडून एका पिस्टनवर बसते आणि चाक वरखाली झाले की ती दुमड पिस्टनवरून सरकत राहते. फुग्यातला दाब साधारण ५ ते १० बार असतो, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुप्पट ते चौपट. हवा भरायला १२ व्होल्टवर चालणारा एक छोटा कॉम्प्रेसर असतो आणि त्याच्याच अंगाला ओल शोषणाऱ्या दाण्यांनी भरलेला ड्रायर जोडलेला असतो. पुढे व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपांचा ठोकळा. तिथून नायलॉनच्या बारीक नळ्या चारही कोपऱ्यांना जातात. काही गाड्यांत हवेची टाकीही असते. चाकांच्या आर्मना जोडलेले उंचीचे सेन्सर कंट्रोल युनिटला सतत सांगत असतात की कोणता कोपरा किती वर आहे.

या भागांत कामाची वाटणी कशी आहे याकडे लक्ष दिले की निदान अर्धे झाले. कॉम्प्रेसर गाडी उचलतो, तो तिला धरून ठेवत नाही. धरून ठेवण्याचे काम फुगा, नळी, जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधली झडप यांचे. त्या झडपा विजेशिवाय बंद राहतात. किल्ली काढली, गाडी झोपली, की प्रत्येक कोपऱ्यातली हवा आपापल्या जागी कोंडलेली असते आणि कॉम्प्रेसरचा तिच्याशी काही संबंध उरत नाही. म्हणजे उभी गाडी बसली तर तो दोष कॉम्प्रेसरचा असूच शकत नाही. गाडी बसणे आणि गाडी न उठणे ही दोन वेगळी लक्षणे आहेत. पहिल्याचे कारण हवा धरून ठेवणाऱ्या भागांत शोधायचे, दुसऱ्याचे हवा पुरवणाऱ्या भागांत. पूर्ण बिघडलेल्या गाडीत दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण समोर दिसते ते दुसरे. म्हणून मालकाला विचारायचा पहिला प्रश्न ‘गाडी उठते का?’ हा नाही. ती उठायची बंद होण्याआधी सकाळी बसलेली दिसायची का, हे विचारायचे. उत्तर हो असेल तर कॉम्प्रेसर कशाने मेला हे जवळपास कळले.

तो मरतो कसा, हे जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. हा कॉम्प्रेसर अधूनमधून थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला असतो. माणूस बसला, सामान चढले, गाडी वर घ्यायची झाली, की तेवढ्यापुरता चालायचा आणि थांबायचा. सलग चालला तर त्याचे डोके तापते, आणि ठरावीक तापमानाच्या वर गेला की कंट्रोल युनिट त्याला बंद करते. एखाद्या कोपऱ्यातून हवा जात असेल तर तो रोज सकाळी पूर्ण कोपरा भरतो आणि दिवसभर, अगदी चालत्या गाडीतही, कमी पडलेली हवा भरत राहतो. पिस्टनच्या रिंगा झिजतात. रिंगा झिजल्या की तोच दाब गाठायला जास्त वेळ लागतो, जास्त वेळ म्हणजे जास्त उष्णता, आणि उष्णतेने झीज आणखी वाढते. त्यातच वीस-तीस अँपिअरचा प्रवाह पुन्हापुन्हा जोडून-तोडून रिलेचे संपर्क भाजतात आणि कधीतरी एकमेकांना चिकटून बसतात. मग किल्ली काढल्यावरही कॉम्प्रेसर चालत राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली असते आणि मोटर जळलेली. या सगळ्याची सुरुवात रबरावरच्या केसाएवढ्या चिरेने झालेली असते.

याहून कमी लोकांच्या लक्षात येणारे नुकसान ड्रायरचे आहे, आणि आपल्या हवामानात ते फार महत्त्वाचे आहे. आकडे मांडून पाहू. ३० अंश सेल्सिअसच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. जुलैतल्या मुंबईची किंवा रत्नागिरीची हवा ८५ टक्के दमट धरली तर सुमारे २६ ग्रॅम. चारही फुगे भरायला बाहेरची १०० लिटर हवा लागते असे धरले तर तिच्याबरोबर अडीच ग्रॅमहून थोडे जास्त पाणी आत येते. तीच हवा दहापट दाबून पुन्हा ३० अंशांवर आली की तिची जागा १० लिटर उरते आणि त्यात वाफ मावते जेमतेम ०.३ ग्रॅम. बाकीचे पाणी म्हणून बाहेर पडणार. ते ड्रायरमधले दाणे टिपून घेतात. पण दाण्यांना मर्यादा आहे. १०० ग्रॅम सिलिका जेल वीस-पंचवीस ग्रॅम पाणी घेऊन भरून जाते, म्हणजे अशा दहाएक भरण्यांत. मग ड्रायर वर्षानुवर्षे टिकतो कसा? रचनाकारांनी त्याची सोय हवेच्या परतीच्या वाटेत केली आहे. गाडी खाली घेताना फुग्यातली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर सोडली जाते. जाताना ती दाण्यांतली ओल घेऊन जाते आणि दाणे पुन्हा कामाला तयार होतात. गळती असली की हा व्यवहार मोडतो. हवा ड्रायरमधून आत येते आणि फुग्याच्या चिरेतून परस्पर निघून जाते. ड्रायरला फक्त ओल मिळत राहते, सुकवणारी हवा मिळत नाही. भिजलेले दाणे फुटून त्यांची भुकटी होते, ती व्हॉल्व्ह ब्लॉकच्या झडपांत अडकते आणि पाण्याने आतले धातूचे भाग गंजतात. जी झडप पूर्वी घट्ट बसत होती ती आता थोडी उघडी राहते, म्हणजे दुसरी गळती तयार होते. काही नव्या गाड्यांत हवा बाहेर न सोडता टाकीत परत साठवण्याची पद्धत असते, पण गळती असली तर त्यांनाही बाहेरची दमट हवा घ्यावीच लागते.

हीच यंत्रणा बसमध्ये इतकी निमूट का चालते, हा प्रश्न इथे उपयोगी पडतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात जनरल मोटर्सने बस आणि मोटारी या दोन्हींना हवेच्या स्प्रिंगा बसवल्या. बसमध्ये त्या टिकल्या, मोटारींत फसल्या. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉअमला हवेचे सस्पेन्शन होते, पुढच्या वर्षी कंपनीच्या इतर गाड्यांनाही ते पर्याय म्हणून मिळू लागले, आणि गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी ते काढून साध्या गुंडाळी स्प्रिंगा बसवून घेतल्या.  आजच्या बस आणि मोटारीतला मोठा फरक आहे तो हवा कुठून येते यात. बसमध्ये ब्रेकसाठी इंजिनावर चालणारा दणकट कॉम्प्रेसर असतोच, तो दिवसभर चालण्यासाठीच बनवलेला असतो आणि त्याच्या ड्रायरला सुकवण्याची व्यवस्था फुग्यांवर अवलंबून नसते. २००१ साली व्होल्वोची बी७आर भारतात आली आणि मुंबई-पुणे रस्त्यावर हवेच्या फुग्यांवरचा प्रवास ओळखीचा झाला. अशा बसचा एखादा फुगा थोडा गळला तर डेपोत उभी बस कललेली दिसते, फुसफुस ऐकू येते, मेकॅनिक फुगा बदलतो आणि विषय संपतो. कॉम्प्रेसरला त्या गळतीची दखलही घ्यावी लागत नाही. गळती तीच, पण बसमध्ये तिची किंमत एक फुगा आणि मोटारीत पूर्ण यंत्रणा. मोटारीत गळती लवकर शोधण्याची घाई का असायला हवी, याचे याहून स्पष्ट उत्तर मला सापडत नाही.

शोधायची कशी? महागडे काही लागत नाही, रात्र मात्र लागते. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी टेपने मोजून लिहून ठेवायचे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा त्यात लुडबुड करते. सकाळी पुन्हा मोजायचे, आणि तेही कुलूप न उघडता, कारण बऱ्याच गाड्यांत दार उघडताच कंट्रोल युनिट जागे होऊन उंची सारखी करायला घेते आणि रात्रभराचा पुरावा पुसला जातो. आणखी एक खोडी लक्षात ठेवायला हवी. काही गाड्या, विशेषतः लँड रोव्हरच्या, उभ्या असतानाही अधूनमधून जाग्या होतात आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तिघे मुद्दाम खाली आणून गाडी सरळ करतात. सकाळी गाडी चारही पायांवर सारखी बसलेली दिसते आणि मेकॅनिक कॉम्प्रेसर किंवा ब्लॉकमागे लागतो. अशा गाडीत रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवला की दोषी कोपरा एकटाच खाली जातो आणि उघडा पडतो. एक रात्र नेहमीच्या उंचीवर आणि एक रात्र वरच्या उंचीवर गाडी ठेवून पाहणेही फार बोलके असते. एका उंचीवर बसते आणि दुसरीवर बसत नाही असे दिसले तर चीर फुग्याच्या दुमडीत आहे. विशिष्ट उंचीवरच ती ताणली जाऊन उघडते, बाकी वेळी दुमडीत दबून बंद राहते. नळी किंवा जोड गळत असेल तर सहसा उंचीने असा फरक पडत नाही.

कोपरा कळल्यावर उरते ते नेमकी जागा शोधणे, आणि पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या टबात बुडवतो तोच न्याय इथेही चालतो. फवारणीच्या बाटलीत साबणाचे पाणी घेऊन आधी फुग्याच्या वरच्या जोडावर मारायचे, मग खाली दुमडीभोवती, मग व्हॉल्व्ह ब्लॉकच्या जोडांवर. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. मंद गळतीत मिनिटभर काही दिसत नाही आणि मग पांढऱ्या बारीक फेसाचा एक ठिपका हळूहळू वाढू लागतो. त्यासाठी थांबावे लागते, दिवा तिरका धरून पाहावे लागते. दुमडीवर चिखल चिकटलेला असेल तर आधी तो धुवायचा, कारण फेस चिखलातून वर येत नाही. आणि हाच चिखल, दुमडीत घासला जाऊन, चिरांचे एक कारणही असतो. बाहेर कुठेच फेस येत नसेल तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतल्या झडपेवर जातो. तिथे खात्री करायची तर त्या कोपऱ्याची नळी ब्लॉकपासून सोडवून तिच्या टोकाला झडप असलेला जोड लावायचा, गाडी स्टँडच्या संरक्षणात ठेवून फुगा बाहेरून भरायचा आणि पुन्हा एक रात्र थांबायचे. ब्लॉकपासून सुटा केलेला कोपरा रात्रभर टिकला तर फुगा आणि नळी निर्दोष, दोष ब्लॉकचा. तरीही बसला तर ब्लॉक निर्दोष सुटला.

गळतीसारखे दिसणारे पण गळती नसलेले दोन प्रकार वेगळे काढायला हवेत, नाहीतर हा शोध भलतीकडे जातो. पहिला थंडीचा. नाशिकला डिसेंबरात दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश असले तर हवेचे निरपेक्ष तापमान ३०३ वरून २८३ वर येते, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास घट. गाडीचे वजन तेच असल्याने फुग्यातला दाब फारसा बदलत नाही, जागा आक्रसते आणि गाडी थोडी खाली येते. पण ती चारही कोपऱ्यांत जवळपास सारखी येते. कललेली गाडी थंडीने कलत नाही. थंडीने रबर मात्र ताठरते आणि उन्हाळ्यात लपलेली चीर डिसेंबरात बोलू लागते, त्यामुळे ‘फक्त थंडीतच बसते’ हे गळती नसल्याचे लक्षण मानू नये. दुसरा प्रकार उंचीच्या सेन्सरचा. त्याची बारीक दांडी किंवा तिचा गोळा निखळला की कंट्रोल युनिटला चुकीची उंची कळते आणि ते निष्ठेने चुकीच्या उंचीवर गाडी नेऊन ठेवते. अशी गाडी वाकडी दिसते, पण उभी राहून आणखी बसत नाही. काही ठिकाणी असा वाकडेपणा स्कॅनरमधून कॅलिब्रेशनचे आकडे बदलून सरळ ‘दाखवला’ जातो. हे मला सरळसरळ अप्रामाणिक काम वाटते, कारण पुढच्या मेकॅनिकने मोजलेली प्रत्येक उंची त्यामुळे खोटी ठरते.

आता आक्षेप. सगळ्यात जोरदार आक्षेप स्कॅनरचा: यंत्रणाच सांगते आहे की कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही, मग माणसाने शंका का घ्यावी? कारण स्कॅनरमधला कोड म्हणजे कंट्रोल युनिटला काय जाणवले त्याची नोंद असते, ते का घडले याची नसते. कंट्रोल युनिटने झडप उघडली, कॉम्प्रेसर चालवला, ठरलेल्या वेळात कोपरा वर आला नाही. त्याच्याकडे एवढीच माहिती असते. कॉम्प्रेसर दुबळा असला तरी असेच होईल, फुगा गळत असला तरी असेच होईल, बॅटरी कमजोर होऊन मोटरला पुरेसे व्होल्ट मिळत नसले तरी असेच होईल आणि हवा घेण्याची जाळी चिखलाने बुजली असली तरी असेच होईल. स्कॅनर निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. प्रत्येक सेन्सर काय उंची सांगतो, कॉम्प्रेसर चालताना दाब किती वेगाने चढतो, एकेक झडप हुकमाने उघडते का, हे त्याच्याशिवाय कळत नाही. चूक होते ती कोडचे नाव वाचून तोच भाग मागवण्यात.

दुसरा आक्षेप गॅरेजमालकाचा आहे आणि तो खोटा नाही. रात्र-दोन रात्री गाडी अडवून ठेवायची, तिने जागा व्यापायची, आणि शोधण्याच्या कामाचे पैसे द्यायला ग्राहक तयार नाही. पार्टचे पैसे तो देतो, कारण पार्ट हातात दिसतो. यावर माझे उत्तर असे की रात्रीचे मोजमाप गॅरेजात व्हायलाच हवे असे नाही. टेप आणि कागद मालकाच्या घरीही असतो. दोन रात्रींचे आकडे घेऊन आलेला मालक गॅरेजचा निम्मा वेळ वाचवतो आणि त्याला कोणी भलताच पार्ट सहज विकू शकत नाही. आठ-दहा वर्षांची एस-क्लास, क्यू७ किंवा रेंज रोव्हर नव्या लहान गाडीच्या किमतीत मिळते म्हणून घेणाऱ्यांनी तर हे मोजमाप व्यवहार होण्याआधीच करावे. विक्रेता रात्रभर गाडी ठेवू देत नसेल तर निदान संध्याकाळी फोटो काढून सकाळी त्याच जागी पुन्हा पाहावी.

तिसरा आक्षेप माझ्याच युक्तिवादातून निघतो. पुराव्याशिवाय पार्ट बदलू नये असे म्हणायचे, तर एका बाजूचा फुगा फाटल्यावर दुसऱ्या बाजूचा चांगला फुगाही बदला असा सल्ला का दिला जातो? इथे फाटण्याचे कारण पाहायचे. दुमडीवर सगळीकडे बारीक चिरांचे जाळे दिसत असेल तर तो वयाचा परिणाम आहे. दुसरा फुगा त्याच वयाचा आणि तितकाच चाललेला आहे, तो फार मागे राहणार नाही, आणि तेव्हा नवा कॉम्प्रेसर पुन्हा ओढला जाईल. अशा वेळी जोडी बदलणे पुराव्याला धरूनच आहे. पण दगड लागून कापलेला फुगा, नळीचा सैल जोड किंवा उंदराने कुरतडलेली नळी हे अपघात आहेत. त्यासाठी दुसऱ्या बाजूला हात लावायचे कारण नाही.

आणि शेवटी पोलादाकडे परत जाण्याचा मार्ग, जो १९५८ च्या मालकांनी घेतला आणि आजही तयार संचांच्या रूपात विकला जातो. पार्ट मिळेनासे झालेल्या, किंमत उतरलेल्या जुन्या गाडीसाठी हा विचार वाईट नाही, हे मी मान्य करतो. पण एका गळक्या फुग्यावरचा उपाय म्हणून तो सुचवला जातो तेव्हा त्यात काय जाते हे सांगितले जात नाही. गाडीचे शॉकअप हवेच्या बदलत्या कडकपणाला धरून जुळवलेले असतात, ती जुळणी मोडते. उंची बदलण्याची सोय जाते. कंट्रोल युनिटला गप्प बसवायला खोटे संकेत देणारी पेटी लावावी लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणाऱ्या बदलांना हरकत घेते, त्यामुळे पुढे पासिंग किंवा विम्याच्या वेळी प्रश्न उभा राहू शकतो.

प्रत्यक्ष दुरुस्तीत हात सावध हवा. हवेवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नये. जॅक मोड, म्हणजे गाडीने आपोआप उंची बदलू नये यासाठीची सेटिंग, लावून, स्टँड देऊन, त्या कोपऱ्यातली हवा सोडूनच नळी उघडायची. नळीचे टोक पक्कडीने न तोडता धारदार कटरने काटकोनात कापायचे. तिरके कापलेले टोक जोडातल्या रिंगेवर नीट बसत नाही आणि नव्या फुग्याबरोबर नवी गळती येते. जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, तिचे तुकडे थेट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातात. सगळ्यात जास्त नवे फुगे मरतात ते मात्र शेवटच्या पाच मिनिटांत. चाके लोंबकळत असताना रिकाम्या फुग्यावर गाडी उतरवली की दुमड वाकडी दबते आणि रबर पहिल्याच दिवशी चिमटते. गाडी उतरवण्याआधी स्कॅनरने त्या कोपऱ्यात थोडी हवा भरायची, दुमड चहूबाजूंनी सारखी बसली आहे हे डोळ्यांनी पाहायचे आणि मगच वजन टाकायचे. उलट, फुगा गाडीबाहेर मोकळा ठेवून दाब भरायचा मोहही टाळावा. बाहेरून आधार नसलेला फुगा पिस्टनवरून उलटून फुटू शकतो.

गळती बंद झाल्यावर कॉम्प्रेसरचा निवाडा करायचा. बाहेर येणाऱ्या वाटेवर दाबमापक लावून तो चालवायचा आणि दाब किती वेगाने चढतो ते त्या गाडीच्या कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे. चढत असेल तर फक्त ड्रायरमधले दाणे आणि रिले बदलून तो आणखी बरीच वर्षे काम देतो. दाण्यांची भुकटी झालेली आढळली तर व्हॉल्व्ह ब्लॉकही उघडून पाहावा लागतो. दाब चढत नसेल तर कॉम्प्रेसर खरोखर संपला आहे. तेव्हा तो खुशाल बदलावा, पण नव्या रिलेसह आणि हवा घेणारी जाळी साफ करून. कामानंतर पुन्हा एका रात्रीचे माप घेतले आणि चारही आकडे जागेवर राहिले, की गाडी मालकाच्या हाती द्यायला हरकत नाही. ते आकडे बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिले तर पुढच्या वर्षी तपासणीला आलेल्या गाडीची तुलना करायला काहीतरी हाताशी राहते.